शोध आपला, नोंद कोणाच्या नावाची?

जमिनीच्या बाबतीत आपला शेतकरी कच्चा नाही. दोन गुंठे जागा घेतली तरी खरेदीखताच्या दुसऱ्या दिवसापासून त्याच्या चकरा सुरू होतात. "भाऊसाहेब, फेरफार धरला का? नोटिसा निघाल्या का? सर्कलसाहेबांनी नोंद मंजूर केली का?" तलाठ्याच्या पदाचे नाव बदलले, संगणक आला, सातबारा मोबाईलवर दिसू लागला, पण ही विचारपूस काही थांबली नाही. सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत त्याला झोप येत नाही. आणि ते बरोबरच आहे. खरेदीखत पेटीत आणि सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव, अशी अवस्था राहिली तर पुढे काय होते, हे त्याने भावकीच्या भांडणांत पाहिलेले असते.

पण हाच शेतकरी स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या वस्तूच्या बाबतीत मात्र भोळा सांब असतो. बांध एक वीत सरकला तर मोजणी आणणारा माणूस आपला शोध दुसऱ्याच्या नावावर चढला तरी "जाऊ द्या, आपल्याला काय कळतंय त्यातलं" म्हणून गप्प बसतो. आज लिहायचे आहे ते याच विषयावर. शोधालाही सातबारा असतो, त्यालाही फेरफार असतो, आणि तो वेळेवर धरला नाही तर नुकसान जमिनीइतकेच होते.

उदाहरण म्हणून समजा, एका गावच्या तात्यांनी चार वर्षे खटपट करून टोकण यंत्र तयार केले. एका जागी एकच बी पडते, ओळ सरळ येते, दोन बायांचे काम एक माणूस करतो. तालुक्याच्या गावी वर्कशॉप असलेला ओळखीचा माणूस म्हणाला, "तात्या, डोकं तुमचं, लोखंड आमचं. पेटंट काढू. निम्मं-निम्मं." पाचशेच्या स्टॅम्पवर चार ओळी लिहिल्या, दोघांच्या सह्या झाल्या, नोटरीचा शिक्का बसला. पेटंटचा अर्ज मात्र वर्कशॉपवाल्याने केला. तात्यांनी "इथं सही करा" म्हटले तिथे सही केली. पेटंट एकट्या वर्कशॉपवाल्याच्या नावाने मंजूर झाले. तीन वर्षांनी त्याने ते एका मोठ्या कारखान्याला विकून टाकले. तात्यांचा स्टॅम्प पेपर अजून लोखंडी पेटीतच आहे. तात्या आता काय करणार?

हे उदाहरण कल्पनेतले असले, तरी असे तात्या आपल्या भागात किती असतील याचा विचार ज्याने त्याने आपल्या गावापुरता करावा.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात पेटंटचा कायदा 1970 सालचा आहे. या कायद्याप्रमाणे पेटंट कार्यालयात पेटंटांची एक नोंदवही ठेवावी लागते. पेटंट कोणाच्या नावाने मंजूर झाले, पुढे ते कोणाला दिले, कोणाला परवाना दिला, वार्षिक फी भरली की नाही, पेटंट रद्द झाले का, हे सगळे तिच्यात नोंदवतात. ही वही गुप्त नसते, कोणालाही पाहता येते. महाराष्ट्राचे काम मुंबईच्या अँटॉप हिल येथील कार्यालयाकडे आहे आणि आता अर्ज संगणकावरूनही करता येतो.

या कायद्याची दोन कलमे प्रत्येकाने पाठ करून ठेवावीत. पहिले कलम 68. पेटंट किंवा त्यातला हिस्सा दुसऱ्याला द्यायचा असो, गहाण ठेवायचा असो किंवा परवाना द्यायचा असो, तो व्यवहार लेखी असला पाहिजे आणि सगळ्या अटी-शर्ती त्या कागदात आल्या पाहिजेत. तोंडी व्यवहाराला कायद्यात किंमत नाही. पारावर दिलेला शब्द गावात चालतो, इथे चालत नाही.

दुसरे कलम 69. ज्याला असा हक्क मिळाला त्याने पेटंट नियंत्रकाकडे अर्ज करून आपल्या हक्काची नोंद करून घ्यायची असते. त्यासाठी नमुना 16 आहे. सोबत मूळ कागद किंवा त्याची प्रमाणित प्रत जोडायची आणि ठरलेली फी भरायची. नोंद केली नाही तर? कागद आपोआप रद्द होत नाही. पण ज्या कागदाची नोंद नाही तो कागद मालकीचा पुरावा म्हणून नियंत्रकाने किंवा कोर्टाने घेऊ नये, असे हेच कलम सांगते. कोर्टाला घ्यायचाच असेल तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. म्हणजे तुमच्या हातात कागद असूनही कोर्टाच्या दारात तो आधी आत घ्यायचा की नाही यावरच वाद सुरू होतो. तात्यांच्या पेटीतल्या स्टॅम्पची गत हीच आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंद नव्हे. दुय्यम निबंधकाकडे दस्त केला तरी तीही पेटंटची नोंद नव्हे. योग्य मुद्रांक, साक्षीदार, सह्या हे सगळे हवेच. पण पेटंटच्या नोंदवहीत नाव चढते ते पेटंट कार्यालयातच.

ही रीत फक्त आपल्याकडे आहे असेही नाही. अमेरिकेचा पेटंट कायदा याहून कडक आहे. तिथे विक्रीचा कागद तीन महिन्यांच्या आत, किंवा मूळ मालकाने तेच पेटंट दुसऱ्याला विकण्याच्या आधी, सरकारी कार्यालयात नोंदवला नाही आणि दुसऱ्याने पैसे मोजून, पहिल्या व्यवहाराची माहिती नसताना ते विकत घेतले, तर पहिला खरेदीदार दुसऱ्यापुढे टिकत नाही. आपल्या महसूल कायद्यातही हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे असे सांगितले आहे. देश वेगळे, विषय वेगळे, पण शहाणपण एकच.

खरेदीखत की खंड?

कागदावर सही करताना तो कागद कसला आहे हे आधी ओळखावे. शेतीच्या भाषेत सांगायचे तर हस्तांतरण म्हणजे खरेदीखत. एकदा केले की वस्तू गेली. परवाना म्हणजे जमीन खंडाने देणे. मालकी आपली राहते, दुसरा ठराविक मुदतीसाठी, ठराविक पैशाच्या बदल्यात ती वापरतो. आणि गहाण म्हणजे गहाणच. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढतो, तसा पेटंटवरही चढतो. कर्ज फिटल्यावर तो उतरवून घ्यायला विसरू नये. अनेक माणसे खंडाने देतोय असे समजून खरेदीखतावर सही करतात. "सर्व हक्क कायमस्वरूपी दिले आहेत" अशी एक ओळ मधेच असते आणि ती कोणी वाचून दाखवत नाही.

भागीदारीचाही प्रश्न असतो. दोघांच्या नावाने पेटंट असेल आणि वेगळा करार नसेल, तर दोघांचा हिस्सा समान धरला जातो. दोघांपैकी कोणीही ते यंत्र स्वतः बनवून विकू शकतो आणि त्याचा हिशेब दुसऱ्याला द्यायची गरज नाही. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला परवाना देता येत नाही, आपला हिस्साही विकता येत नाही. आता गंमत पाहा. ज्याच्याकडे वर्कशॉप आहे तो हजार यंत्रे बनवील आणि ज्याच्याकडे फक्त डोके आहे तो बघत बसेल. कायद्याने दोघे सारखे, व्यवहारात एकच गबर. म्हणून "निम्मं-निम्मं" एवढे लिहून भागत नाही. दर यंत्रामागे किती रुपये, हिशेब कोण ठेवणार, तो कधी दाखवणार, हे कागदात आलेच पाहिजे.

वारसाचे तर विचारूच नका. बाप वारला की पोरे तेराव्याच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीला जातात. पण बापाच्या नावावर पेटंट होते हे त्यांना ठाऊकही नसते. पेटंट 20 वर्षांचे असते, अर्जाच्या तारखेपासून. मात्र ते जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरावी लागते. फी चुकली की पेटंट संपते. ते पुन्हा उभे करायला अर्ज करता येतो, पण तोही 18 महिन्यांच्या आत. बापाने केलेली मेहनत पोरांच्या अज्ञानापोटी जाऊ नये म्हणून वारसांनीही नोंद करून घ्यावी आणि फीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

बियाण्याची गोष्ट वेगळी

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. अवजार, यंत्र यांना पेटंट मिळू शकते. पण शेती करण्याची पद्धत, पीक, बियाणे, वाण यांना आपल्या कायद्यात पेटंट नाही. वाणासाठी वेगळा कायदा आहे, 2001 सालचा, पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. त्याचे प्राधिकरण दिल्लीला आहे आणि तिथेही राष्ट्रीय नोंदवही आहे. शेतकऱ्याला आपला वाण आपल्या नावाने नोंदवता येतो आणि त्याला फी माफ आहे. हंगामी पिकाला 15 वर्षे आणि झाडे-वेलींना 18 वर्षे संरक्षण मिळते. आणि वाण कोणाच्याही नावावर असला, तरी आपल्या शेतातले बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि छापील ब्रँड न लावता विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क याच कायद्याच्या कलम 39 ने राखला आहे.

हा कायदा येण्याआधी काय व्हायचे, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. थोडकी जमीन, बेताचे शिक्षण. भाताच्या शेतात वेगळी दिसलेली लोंबी त्यांनी बाजूला काढली, वर्षानुवर्षे निवड केली आणि बारीक, चवदार तांदळाचा वाण तयार केला. त्या काळी एचएमटीची घड्याळे नावाजलेली होती, म्हणून वाणाचे नाव पडले एचएमटी. हा तांदूळ विदर्भाबाहेर दूरदूर गेला. पुढे 1998 साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केला. मूळ वाण आपला असताना श्रेय मिळाले नाही, हे दुःख दादाजी शेवटपर्यंत सांगत राहिले. 2005 साली त्यांना राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला, मोठमोठ्या माणसांनी कौतुक केले. पण 2018 साली ते गेले तेव्हा त्यांची आर्थिक ओढाताण काही संपलेली नव्हती. त्यांच्या उमेदीच्या काळात शेतकऱ्याच्या वाणासाठी नोंदवहीच नव्हती. आज ती आहे. आज आपण नोंद केली नाही तर दोष कोणाला द्यायचा?

कंपन्या मात्र कागदाचे महत्त्व ओळखून असतात. गुजरातमधल्या बटाट्याचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. पेप्सिको कंपनीने 2016 साली आपल्या बटाट्याच्या वाणाची नोंद करून घेतली होती. त्या नोंदीच्या जोरावर 2019 साली कंपनीने साबरकांठा, अरवली भागातल्या शेतकऱ्यांवर दावे लावले. काहींकडे एक कोटीहून जास्त भरपाई मागितली. देशभर ओरड झाली आणि कंपनीने दावे मागे घेतले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. शेतकरी हक्कांसाठी काम करणाऱ्या कविता कुरुगंटी यांनी नोंदच तपासायला घेतली आणि ती रद्द करण्याचा अर्ज केला. वाण पहिल्यांदा विकल्याची तारीख चुकीची आहे, आणि मूळ पैदासकाराकडून कंपनीकडे हक्क आल्याचा कागद नीट जोडलेला नाही, हे त्यातले मुद्दे होते. प्राधिकरणाने डिसेंबर 2021 मध्ये ती नोंद रद्द केली. 2023 साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी तो निर्णय कायम ठेवला. मात्र जानेवारी 2024 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला आणि कंपनीची बाजू उचलून धरली.

निकाल कोणाच्या बाजूने लागला यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. एवढी मोठी कंपनी, पदरी वकिलांची फौज, तरी हक्क आपल्याकडे कसा आला हे दाखवणाऱ्या कागदावरून तिला काही वर्षे कोर्टात झगडावे लागले. तिला ते परवडले. टोकण यंत्रवाल्या तात्यांना परवडेल का?

"आपल्याला कशाला हा उद्योग?"

काही जाणती माणसे म्हणतील, गावचे ज्ञान गावाचे असते, त्यावर मालकी कसली सांगायची? बी मागितले तर कोणी नाही म्हणत नाही, अवजार बघायला आले तर चहा पाजून दाखवतो, हीच आपली रीत. हे मला मान्य आहे. ही रीत मोडावी असे मी मुळीच म्हणत नाही. दहा गावांनी तुमचे यंत्र बघून बनवावे असे वाटत असेल तर खुशाल बनवू द्या. पण आपण होऊन देणे वेगळे आणि नकळत जाणे वेगळे. दान करायचे असले तरी वस्तू आधी आपल्या नावावर असावी लागते. नाहीतर होते असे की आपण गावाला फुकट दिलेली वस्तू कोणीतरी स्वतःच्या नावावर चढवतो आणि मग गावालाच ती विकतो.

दुसरे म्हणणे खर्चाचे आणि अंतराचे. मुंबई लांब, दिल्ली त्याहून लांब. हे खरेच आहे. एकट्या माणसाला पेटंटची फी कंपनीपेक्षा कमी ठेवली आहे आणि वाणाच्या नोंदीला शेतकऱ्याला फी नाही, तरी अर्ज लिहायचा कोणी? पेटंटचे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावे लागतात. शेतकऱ्याचा शोध मराठीत लागतो, त्याची भांडणे मराठीत होतात आणि सही मात्र त्याला न कळणाऱ्या कागदावर घेतली जाते. खरी अडचण ही आहे आणि ती दूर करणे एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही.

म्हणून सरकारकडे आणि गावच्या कारभाऱ्यांकडे काही मागणे आहे. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात आणि तालुका कृषी कार्यालयात या कामाची माहिती असलेला निदान एक माणूस असावा. अर्जाचे नमुने आणि कराराचे साधे मसुदे मराठीत तिथे मिळावेत, म्हणजे सही करण्याआधी आपण काय देतो आहोत हे शेतकऱ्याला वाचता येईल. विद्यापीठाचा किंवा कंपनीचा माणूस शेतातून बी, रोप, काडी नेत असेल तर त्याने तारखेची पोच द्यावी. काय नेले, किती नेले, कशासाठी नेले, हे तिच्यात असावे. दुधाच्या डेअरीत दहा लिटरची पावती मिळते, तर आयुष्यभराच्या निवडीची का मिळू नये?

ग्रामपंचायतीच्या हातात तर एक वही आधीपासूनच आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी समित्या झाल्या, लोक जैवविविधता नोंदवह्या झाल्या. त्या नुसत्या कपाटात ठेवण्यासाठी नाहीत. गावातले वाण, ते कोणी राखले, कधीपासून, हे तिच्यात नीट लिहावे. त्याने मालकी मिळत नाही, हे खरे. पण वेळ आली की जुना लेखी पुरावाच कामी येतो. जखमेवर हळद लावण्यावर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी दाखले पुढे केले, म्हणून ते 1997 साली रद्द झाले. हळद घराघरात होती, पण पेटंट रद्द झाले ते कागदामुळे.

आणि शेतकरी बंधूंनी आपल्यापुरते एवढे करावे. काही नवे सुचले, जमले, तर तारीख घालून वहीत लिहावे, चित्र काढावे. अर्ज दुसरा कोणी करणार असेल तर त्यात शोध लावणारा म्हणून आपले नाव आहे का ते पाहावे. हक्क निम्मा ठरला असेल तर अर्जदार म्हणूनही आपले नाव घालायला लावावे. अर्ज चालू असतानाच हक्क बदलला तर नमुना 6 आणि पेटंट मिळाल्यावर बदलला तर नमुना 16, हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. कोऱ्या कागदावर सही करू नये. वाचता येत नसेल तर पोराला, मास्तरांना वाचायला लावावे. कागद झाला की पेटीत टाकून स्वस्थ बसू नये. नोंद झाली का ते विचारावे, नोंदवहीचा उतारा मागावा.

तात्यांच्या बाबतीत अजूनही सगळे संपलेले नाही. नोंदवहीत दुरुस्तीसाठी उच्च न्यायालयात जाता येते, आणि त्या कामात नोंद नसलेला कागदही पुढे करता येतो. पण वकील, तारखा, मुंबईचे हेलपाटे, यात चार वर्षांच्या खटपटीपेक्षा जास्त वर्षे जातील. त्या दिवशी स्टॅम्पवर सही झाल्यावर तात्यांनी एकच प्रश्न विचारला असता तर ही वेळ आली नसती. तो प्रश्न त्यांना चांगला माहीत होता. जमिनीच्या वेळी ते रोज विचारत होते.

"नोंद झाली का?"